जावई घरीच असतात

मामा,

तुम्ही असता तर आत्ता फोन वाजला असता. सकाळची घाई उरकली, वर्षा पालमच्या गाडीत बसली, आरोही शाळेत पोचली, की झरीहून तुमचा फोन यायचा आणि "सर, काय चाललंय?" हा तुमचा प्रश्न फोन कानापासून लांब धरला तरी ऐकू यायचा. जन्मभर एसटीच्या इंजिनावर आवाज चढवून बोललेला माणूस. निवृत्तीनंतरही तुम्हाला हळू बोलता आलं नाही. मी म्हणायचो, "काही नाही मामा, बसलोय." बसलेला मी कधीच नसायचो. फोन खांद्यात धरून वेदूच्या पायात चड्डी चढवत असायचो, नाहीतर कणीक मळत असायचो. पण सासऱ्याला काय सांगायचं, जावई कणीक मळतोय म्हणून?

तुमचा तेरावा झाला. आम्ही परभणीला परत आलो, वर्षा ड्यूटीवर हजर झाली. भाजी चिरून झाकून ठेवली आहे. वेदू कुलरच्या टाकीत बोट घालून बसलाय, त्याला दोनदा रागावून झालं. आता तुमच्याशी बोलतो. तुम्ही कधी रिटायर झालात, किती वर्षं गाडी चालवलीत, हे सगळं तुमच्या दहाव्याला बोलून झालं. माझं बोलणं राहिलंय.

माझी शाळा बंद पडली ते माझ्याआधी तुमच्या मनाला लागलं होतं. खाजगी इंग्रजी शाळा, तिथं मी गणित शिकवायचो. संस्थेनं कुलूप लावलं, आम्ही मास्तर मंडळी पांगलो. मी दोन-तीन ठिकाणी चकरा मारल्या, शिकवण्या घेऊन बघितल्या, बस्तान बसलं नाही. वर्षाची नर्सची नोकरी पक्की होती. वेदू पाळण्यात होता. आम्ही नवरा-बायकोनं समोरासमोर बसून काही ठरवलं असं झालं नाही. पाळण्याशेजारी कुणीतरी बसायला हवं होतं, मी बसलो, आणि मग बसूनच राहिलो.

लग्न जमलं तेव्हापासून तुम्ही मला सर म्हणायचात. शाळा गेली तरी सर गेलं नाही. एकदा मी न राहवून म्हणालो होतो, "मामा, आता सर नका म्हणू." तुम्ही हसून म्हणालात, "मी रिटायर झालो तरी लोकं मला डायवरच म्हणतेत की. मग?" तुम्ही प्रेमानं म्हणत होता हे कळत होतं. तरी प्रत्येक वेळी त्या शब्दानं कान गरम व्हायचे.

माझं घरात असणं तुम्ही कधी धड बघितलं नव्हतं. तुम्ही यायचात तेव्हा मी इस्त्रीचा शर्ट घालून बसायचो. वर्षानं आदल्या दिवशीच सगळं करून ठेवलेलं असायचं. निघताना तुम्ही "लेकरांचं बरं चाललंय" म्हणायचात, आणि ते कुणामुळं बरं चाललंय हा विषय आपण दोघंही टाळायचो. मग या वर्षी होळी झाल्यावर तुम्ही गव्हाचं पोतं खांद्यावर घेऊन दारात उभे राहिलात.

मामींचे गुडघे धरले होते. दरवर्षी त्या झरीला कुरडया करून आमच्याकडं डबा पाठवायच्या, या वर्षी त्यांनी गहू आणि सोऱ्या पाठवला. वर्षाची त्या आठवड्यात रोजची ड्यूटी, रजा मिळेना. तिनं तुमच्यासमोरच सहज सांगून टाकलं, "बाबा, गहू यांच्याजवळ द्या. हेच करतील. मागच्या साली पापड यांनीच केले होते." तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मी भिंतीवरच्या पालीकडं बघत होतो.

तुम्ही दोन दिवसांसाठी आला होता, आठवडा राहिलात. तेवढ्यात तुम्ही आमचं घर पाहिलंत. खरं घर. उन्हाळा लागला की ते कसं चालतं ते.

सकाळची शाळा. अजून गारवा असतो तोवर आरोहीला उठवायचं, तिच्या दोन वेण्या घालायच्या. भांग वाकडा गेला की ती आरसा बघून परत सोडते. वर्षाचा डबा, आरोहीचा डबा, वर्षाला चौकापर्यंत सोडून यायचं. तोवर वेदू उठून माझी चप्पल घालून अंगणभर फिरत असतो. नळ यायचा दिवस असला की बाकी सगळं बाजूला, आधी टाकी, हंडे, बादल्या. नऊ वाजले की ऊन दारात. दारातल्या कडुलिंबाला मोहोर आलेला, त्याचा सडा रोज झाडायचा आणि वेदू रोज तो परत पसरवणार. दुपारी आरोही लाल होऊन येते, तिला कैरीचं पन्हं. मग पडदे ओढून दोघांना झोपवायचं. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचं, गच्चीतून वाफ निघते, दोघं त्या ओल्या फरशीवर अनवाणी नाचतात.

तुम्ही या सगळ्यात मनापासून उतरलात. पलंगाची एसटी केलीत. वेदूला कंडक्टर केलंत आणि त्याच्या गळ्यात माझी जुनी शाळेची बॅग अडकवलीत. "गंगाखेड, पालम, लोहा, चला बसा पटापटा," म्हणून तुम्ही ओरडायचात तेव्हा खालच्या घरमालकीण काकू जिन्यापर्यंत येऊन बघून जायच्या. पत्त्यात तुम्ही सहा वर्षांच्या पोरीशी लबाडी करायचात आणि पकडले गेलात की तिच्यावरच रुसायचात. दुपारी वेदूला झोपवायला म्हणून कुशीत घ्यायचात आणि आधी तुम्हीच घोरायला लागायचात, तो तुमच्या हातातून सुटून स्वयंपाकघरात येऊन मला सांगायचा, "आजोबा झोपले. मी झोपवलं."

पण मी भाकरी थापायला बसलो की तुम्ही उठून बाहेर जायचात. पहिल्या दिवशी मला वाटलं, पान खायला गेले. मग कळलं की तुम्हाला बघवत नव्हतं. जेवताना मात्र मुकाट जेवायचात. ताटावरून मान वर काढायचा नाहीत. भाकरी बरी झालीय का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मला तेव्हा तुमचा राग यायचा. आज लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. त्या आठवड्यात मी एकदा तरी तुम्हाला सांगायला हवं होतं की मामा, मला हे आवडतं. नोकरी मिळत नाही म्हणून मी घरी बसलो हे खरं, पण आता मला कुणी नोकरी देतो म्हणालं तर मी काहीतरी कारण काढून टाळीन. ओल्या गच्चीवर नाचणारी लेकरं बघताना मी सुखी असतो. बायको बाहेर राबते आणि मी घरात सुखी असतो. हे मी वर्षालाही कधी बोललो नाही. काम नाही म्हणून हळहळणारा नवरा लोकांना समजतो. काम नाही आणि मजेत आहे, असा माणूस कुणाला समजणार? म्हणून मी तुमच्यासमोर चेहरा पाडून बसायचो. दुःखी दिसलो तर निदान इज्जत राहील असं वाटायचं.

मग कुरडयांचा दिवस आला. गहू भिजवून, वाटून, चीक खाली बसला होता. काकूंनी मला आधीच सांगून ठेवलं होतं की ऊन चढायच्या आत शिजवा आणि गरम असतानाच पाडा. तुम्ही म्हणालात, "सर, खाली घरातच करा की. खोलीत पंख्याखाली वाळतील."

"मामा, कुरडई उन्हातच वाळते."

"मंग वरी पडदा तरी बांधू. आजूबाजूला लोकं बघायलेत."

पडदा बांधला असता तर ऊन आलं नसतं. मी पातेलं उचलून वर गेलो. तुम्ही सोऱ्या घेऊन मागं आलात, तो पंच्याखाली झाकून. शेजारच्या गच्च्यांवरही वाळवणं चालली होती. सगळीकडं बायका, आणि आमच्या गच्चीवर मी, लुंगी खोचून. माझी मान वर होत नव्हती. आरोही आणि वेदू वाटीत गरम चीक घेऊन, वर दूध-साखर टाकून, फुंकर मारून खात होते. तुम्ही थोडा वेळ उभे राहिलात. मग पाण्याच्या टाकीमागं जाऊन टाकीचा नळ गळतोय का ते तपासायला लागलात. तो गळत नव्हता.

काकू वर आल्या. "सर, हात हलका ठेवा, तार तुटायली बघा," म्हणाल्या आणि बाजूला बसून कडेच्या कुरडया नीट करायला लागल्या. त्यांना त्यात काही वाटलंच नाही. त्या गेल्यावर तुम्ही टाकीमागून बाहेर आलात, आणि तेवढ्यात तुमचा फोन वाजला. झरीचं कुणीतरी होतं.

"कुठं म्हंजे? परभणीलाच हाय, जावयाकडं," तुम्ही तुमच्या नेहमीच्या आवाजात सुरू झालात. "हाव. लेकरं मजेत हायेत. जावई? जावई कॉलेजवर गेलेत. सांच्याला येतेल."

माझे हात कोपरापर्यंत चिकानं भरले होते. मी तुमच्यापासून दोन पावलांवर बसलो होतो.

आरोही म्हणाली, "आजोबा, पप्पा तर इथंच आहेत."

तुम्ही फोन बंद केलात. मी विचारलं, "कोणतं कॉलेज, मामा?"

तुम्ही फोन खिशात घातलात.

"किती दिवसांपासून मी कॉलेजवर आहे?"

"लोकं इचारतेत, सर. गावात काय सांगावं माणसानं?"

"जे आहे ते सांगावं. तुम्हाला माझी लाज वाटते, हे सरळ म्हणा."

मी आवाज चढवला होता. शेजारच्या गच्चीवरच्या बायका थांबून बघत होत्या. तुम्ही मात्र, तुमच्या साऱ्या आयुष्यात मी ऐकला नव्हता इतक्या हळू आवाजात म्हणालात, "मला न्हाई वाटत. तुमची तुमालाच वाटती. माझ्यासमोर शर्ट घालून बसताव. मला वाटलं, पावण्याला झाकायचंय, तर आपण बी झाकावं."

मग मी वाईट बोललो. म्हणालो, "झाकायचंच असेल तर इथं येत जाऊ नका. तिकडंच बसून झाका."

वेदू चिकाची वाटी घेऊन तुमच्या पायाशी उभा होता. तुम्ही त्याच्या तोंडाला लागलेलं दूध आपल्या पंच्यानं पुसलंत. दुपारच्या गाडीनं तुम्ही झरीला गेलात. मी स्टँडवर सोडायला आलो नाही. कुरडया पाडायच्या राहिल्या होत्या, हे कारण सांगितलं.

त्यानंतर तुमचे फोन संध्याकाळी यायला लागले, लेकरं जागी असताना. स्क्रीनवर तुमचं कपाळच दिसायचं, फोन कसा धरायचा ते तुम्हाला शेवटपर्यंत जमलं नाही. मी फोन आरोहीच्या हातात द्यायचो आणि आत निघून जायचो. पाडव्यानंतर एक-दोनदा सकाळीही वाजला, जुन्या वेळेला. मी वाजू दिला. ते तुम्ही मलाच केले होते, हे मला तेव्हाही कळत होतं.

पाडव्याला तुम्ही दरवर्षी यायचात. या वर्षी आला नाहीत. एका ओळखीच्या ड्रायव्हरजवळ लेकरांसाठी साखरेच्या गाठी पाठवल्यात. मी स्टँडवर जाऊन पिशवी घेतली. पिशवीत मुलांच्या दोन गाठी होत्या, आणि तिसरी एक मोठी. वर्षा म्हणाली, "ही तुमची." आमच्याकडं जावयाला गाठी पाठवायची रीत नाही. ती लहान मुलांनाच असते. मला वाटलं, टोमणा मारलाय. ती मोठी गाठी मी गुढीला बांधून टाकली, आणि तुम्हाला फोन केला नाही. टोमणा होता की काय होतं, ते आता कुणाला विचारू?

आठवडाभरानं सकाळी मी वेदूला न्हाऊ घालत होतो. फोन ओट्यावर होता. तुमच्या पुतण्याचा, दिगंबरचा. मी ओल्या हातानं उचलला. तो म्हणाला, "दाजी, काका गेले." अंगणात खाटेवर बसले होते, पाणी मागितलं, मामी पाणी घेऊन येईपर्यंत संपलं होतं. मी "बरं" म्हणालो. खरंच, तेवढंच म्हणालो. वेदूच्या डोक्यावर साबण तसाच होता, तो डोळे घट्ट मिटून "पाणी घाला, पाणी घाला" करत होता. मी पाणी घातलं. नीट धुतलं, कानामागं धुतलं, टॉवेलात गुंडाळलं. तुम्ही गेल्याचं कळल्यावर मी पहिलं काम हे केलं. रडलो नाही. मनात पहिला विचार आला तो असा की आता ते बोलणं तसंच राहिलं. तुम्ही गेल्याचं दुःख त्याच्या मागून आलं. ही क्रमवारी मला खाते.

वर्षाला फोन करून सांगितलं. ती पालमहून मिळेल त्या जीपनं निघाली. मी आरोहीला शाळेतून आणलं, दोघांचे कपडे भरले, औषधं भरली, वेदूचा चमचा भरला, आणि स्टँडवर तिची वाट बघत बसलो. ऊन मरणाचं होतं. आरोही पिशवीच्या बंदाशी खेळत होती. मग म्हणाली, "पप्पा, तुमची आजोबांशी कट्टी होती ना?"

"नव्हती गं."

"होती. तुम्ही फोनवर बोलत नव्हता. आता बट्टी कशी करणार?"

मी तिच्या हातात पाण्याची बाटली दिली. ती म्हणाली, "मला तहान नाही लागली."

झरीला तुम्हाला ओसरीवर ठेवलं होतं. मी पाया पडलो, खांदा दिला, सगळं केलं. ते सगळं करताना लोकांच्यात मी वरमून उभा होतो, आणि लोकांना वाटत होतं की जावयाला लय दुःख झालंय.

आता दहाव्याचं सांगतो. नदीवरचं उरकून मंडळी परत आली, अंगणात मंडप होता, पुरुष मंडळी सतरंजीवर बसली होती. तुम्ही रोज चहाला जायचात त्या हॉटेलातले सोबती होते. तुमच्या गाडीचे कंडक्टर, तुम्हाला भाऊ म्हणणारे रशीदभाई होते. पाथरीकडून मामींच्या नात्यातले एक गृहस्थ आले होते, चांगल्या कपड्यातले. त्यांनी माझ्याकडं वळून मोठ्यानं विचारलं, "आपण परभणीला कॉलेजवर असता ना? भाऊ सांगत होते मागं एका लग्नात. विषय कोणता आपला?"

मामा, मला खरं सांगता आलं असतं. आठ दिवस मी मनाशी ठरवत होतो की आता कुणी विचारलं तर सांगायचं. पण समोर तुमचा हार घातलेला फोटो होता. मी नाही म्हणालो तर तुमच्या दहाव्याला, तुमच्याच अंगणात, तुम्ही खोटे ठरणार. जिवंत असताना तुम्हाला हाकललं, आता निदान तुमचा शब्द तरी राखावा, असं त्या क्षणी वाटलं. मला ते फार मोठं काही वाटलं. मी ताठ बसून म्हणालो, "हो. गणित शिकवतो."

तुमच्या हॉटेलातले ते सगळे सोबती खाली बघायला लागले. एकानं सतरंजीचा दोरा ओढला. मला कळेना काय झालं. पाथरीचे पाहुणे "वा, वा, अवघड विषय" म्हणाले आणि कुणीच त्यांना साथ दिली नाही. मग रशीदभाई उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सर, जरा इकडं येताव का?"

त्यांनी मला गोठ्याच्या बाजूला नेलं. मग म्हणाले, "तुमी कामून असं बोलला? इथं सगळ्यांला मालूम हाय."

"काय मालूम आहे?"

"तुमी घरी असताव ते. भाऊनंच सांगितलं ना. पाडवा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी."

आणि मग त्यांनी मला सांगितलं. हॉटेलात तुम्ही सगळे बसला होता. कुणीतरी म्हणालं, माझ्या पोराला बारावीनंतर तुमच्या जावयाच्या कॉलेजात चिकटवा की. तुम्ही कप खाली ठेवलात आणि म्हणालात, जावई कॉलेजात न्हाईत. जावई घरीच असतेत. सैपाक करतेत, लेकरं सांभाळतेत, या साली कुरडया बी त्यांनीच केल्या. नोकरी माझी पोरगी करती. मी तुमाला आजवर लबाड बोललो.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. एकजण हसला. दुसरा म्हणला, मंग लुगडं घेतलं का न्हाई जावयाला? भाऊचं तोंड असं लाल झालं. चाय तशीच ठेवली न् उठला. मी मागं मागं गेलो. वाटेत मला म्हणला, रशीद, लय जड गेलं रे. मी म्हणलो, मग बोलायचं कशाला होतं? तर म्हणे, त्यांनी माझ्यावर आवाज चढवला, त्यो बरोबर चढवला."

मी विचारलं, "मला का नाही सांगितलं त्यांनी?"

"मी बी तेच म्हणलो. जावयाला सांगितलं का? तर म्हणला, फोनवर सांगायची गोष्ट न्हाई ही. जाईन न् समोर बसून सांगीन. तवापासनं त्या हॉटेलात बी येत नव्हता. शरम वाटायची त्याला. घरीच चाय प्यायचा."

रशीदभाईंनी डोळे पुसले आणि मंडपात गेले. मी गोठ्याजवळच राहिलो. मला तुमची लाज राखायची होती, मामा, आणि तुम्ही ती आधीच चारचौघांत उतरवून ठेवली होती. जे तुम्ही हसू सोसून सांगितलंत ते मी त्याच लोकांसमोर पुसायला निघालो होतो. ते लोक खाली बघत होते ते माझ्यासाठी, तुमच्यासाठी नाही. आणि तुम्ही हॉटेलात जायचं बंद केलंत त्या दिवसांत, सकाळी जुन्या वेळेला, माझा फोन वाजत होता.

मी परत जाऊन मंडपात काही सांगितलं नाही. तेवढा मी धीट नाही. पाथरीचे पाहुणे जेवून, मला नमस्कार करून निघून गेले. त्यांच्या लेखी मी अजून गणिताचा प्राध्यापक आहे.

संध्याकाळी मंडळी पांगली. घरात मामी, त्यांच्या दोन बहिणी, भावकीतल्या बायका. मामी भिंतीला टेकून बसल्या होत्या. दहा दिवस शेजारपाजारचे डबे आले, पण त्या घासभर खाऊन ताट सारायच्या. वर्षा त्यांच्याजवळ होती, तिनं मांडी हलवली की त्या तिचा हात धरायच्या. दुपारचं जेवण तिखट होतं, वेदूनं काही खाल्लं नव्हतं आणि आता तो भुकेनं किरकिरत होता. रोज त्याचं वर्षा बघायची. तुमच्या गावात, तुमच्या घरात, इतक्या बायकांदेखत मी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला नव्हता.

मी आत गेलो. मामींच्या धाकट्या बहिणीनं पदर सारखा केला. "काय पायजे पावणं? चहा टाकू का?"

"नको. लेकराला भात करतो."

"तुमी कामून? आमी हाव की."

"त्याला माझ्या हातचा लागतो," मी म्हणालो. हे खरं होतं. आणि तुमच्या घरात मी मोठ्यानं बोललेलं ते पहिलं खरं होतं.

त्या चुलीपाशी उभ्या राहून बघत राहिल्या. मी तांदूळ धुतले, मूठभर मुगाची डाळ घातली, घरी करतो तसा मऊ भात लावला. बाहेर कुजबुज झाली, ती मला ऐकू आली. कान तापले. हात चालू ठेवले. तूप सापडेना तेव्हा आरोहीनं आजीच्या फडताळातून काढून दिलं. वेदू दोन वाट्या जेवला आणि माझ्या मांडीवरच पेंगायला लागला. त्याला वर्षाजवळ दिलं. पातेल्यात भात उरला होता. मी एका ताटात तो वाढला, तूप सोडलं आणि मामींच्या समोर नेऊन ठेवला.

तुम्हाला माहीत आहे, इतक्या वर्षांत मामी माझ्यासमोर कधी जेवल्या नाहीत. मी घरात असलो की त्या दाराआडून बोलायच्या. त्यांनी पदर कपाळापर्यंत ओढला.

"जावयानं सासूला वाढायचं असतंय का कुठं," त्या खाली बघत म्हणाल्या. "लाज वाटायली मला."

"मलाबी वाटायलीय, मामी," मी म्हणालो. "जेवा."

मी त्यांच्यासमोरच बसून राहिलो. बहिणी दारात उभ्या होत्या. बऱ्याच वेळानं मामींनी पदराआडून हात बाहेर काढला, भात कालवला आणि एक घास घेतला. मग दुसरा घेतला. मग थांबल्या.

"मीठ कमी हाय," म्हणाल्या.

मी उठलो, मीठ शोधून आणलं आणि त्यांच्या ताटात कडेला वाढलं.